विल्फ हार्करचा श्वास

आमच्या थॉर्नबेकच्या चर्चमध्ये भाते दोन. एक ऑर्गनचा, तो विजेवर चालतो. दुसरा विल्फ हार्करच्या छातीत, तो कशावर चालतो ते डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. गाण्याची ओळ उचलण्याआधी विल्फ जो श्वास आत ओढतो, तो गंजक्या बिजागरीच्या फाटकासारखा वाजतो. जन्मभर त्याने मेंढरांना गवत घातले. पावसात भिजलेले गवत गोठ्यात बुरसते, आणि ती धूळ घालणाऱ्याच्या छातीत जाऊन बसते. डॉक्टरकडे त्या दुखण्याला लांबलचक नाव आहे. विल्फ म्हणतो, "नाव कशाला? गवत आहे ते. अर्धं मेंढरांनी खाल्लं, अर्धं मी."

गायकवृंदात आम्ही दोघे खर्जात, मागच्या बाकाच्या टोकाला. मी दगडी कुंपणे रचणारा, तो मेंढपाळ. मी कुंपण घालायचे आणि त्याच्या मेंढरांनी ते पाडायचे, यातूनच आमची मैत्री झाली. त्याच्या श्वासाची मला इतकी सवय, की तो ऐकूच येत नसे. ओढ्याकाठच्या माणसाला ओढा ऐकू येत नाही, तसे.

हेस्टर थ्वेट गावात राहायला आली तेव्हा लंडनहून एक पियानो आणि एक बहिरे मांजर घेऊन आली. जुन्या शाळेची इमारत तिने घेतली. आम्हाला वाटले, बाई हिवाळा सरायच्या आत पळ काढणार. बाई राहिली. तिचे केस पांढरे झाले, मांजरे बदलत गेली, पण सगळी पियानोखालीच झोपतात, तेव्हा तीही बहिरीच असावीत. हेस्टर चर्चची गाणी रचते. मोठमोठ्या कॅथीड्रलांत तिची गाणी होतात. तिच्या गाण्यात दोन सूर शेजारी बसून एकमेकांना कोपराने ढोसत राहतात, आता भांडण होणार असे वाटते, आणि तेवढ्यात ते एकमेकांच्या गळ्यात पडतात. पहिल्या वर्षी गाव म्हणाले, बाईचा पियानो प्रवासात बिघडला. आता तेच लोक पाहुण्यांना सांगतात, "आमच्या हेस्टरसारखं कुणाला जमत नाही."

दर नाताळला ती एक नवे गाणे आधी आम्हाला देते, मग जगाला. यंदाचे गाणे डोंगरावरच्या मेंढपाळांचे होते. सुरुवात हळू. थंडी, विझत आलेली शेकोटी, एक चुकलेले कोकरू. मग आकाश उजळते, आवाज चढत जातात, आणि अगदी टोकाला जाऊन सगळे थांबतात. ऑर्गन बंद, हातघंटा बंद, आम्ही बंद. आणि त्या शांततेतून सगळ्यांनी मिळून एकदम उसळायचे: "चला, खाली चला, उजेड कुठे पडला बघू!" ढोल, घंटा, ऑर्गन, सगळे त्या एका क्षणी. पहिल्यांदा ते जमले तेव्हा माझी बायको नेल, जी समोरच्या बाकावर मधल्या आवाजात गाते, डोळे पुसत म्हणाली, "लहान मुलं जिन्यावरून धावत येतात ना नाताळच्या सकाळी, तसं वाटतं."

हेस्टर सत्तरीची होणार म्हणून रेडिओवाले यंदा आमच्या चर्चमधली नाताळची प्रार्थना थेट ऐकवणार होते. रविवारी दुपारी, जशी होईल तशी. गावात दुसरा विषय नव्हता. सगळ्यांत खूश विल्फ. त्याची थेल्मा लग्न होऊन न्यूझीलंडला गेली, तिथे गाईंचा मोठा गोठा सांभाळते. आपल्याकडे रविवारची दुपार, तेव्हा तिच्याकडे सोमवारची पहाट, धारा काढायची वेळ. "गोठ्यात रेडिओ लावणार आहे म्हणते," विल्फ भेटेल त्याला सांगायचा. "गाईंनाही ऐकवणार. बाप गातोय म्हणून."

"गाई आटतील," मी म्हणालो.

"तुझ्या आवाजानं आटतील. माझ्या नाही."

थेल्मा गेली त्यानंतर तिने बापाला चर्चमध्ये गाताना ऐकले नव्हते. विल्फ हे हसत सांगायचा, पण दर वेळी सांगून झाल्यावर टोपी काढून पुन्हा घालायचा.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी रेडिओचा माणूस तारा आणि मायक्रोफोन घेऊन आला. आम्ही गाणे गायलो, त्याने ते टिपून घेतले, आम्ही घरी निघालो. क्रिस्पिन लेथमने मला दारात गाठले. क्रिस्पिन आमचा नवा गायनमास्तर. लीड्सचा पोरगा, तिशी गाठायची आहे, गळ्यात कायम लोकरीचा पट्टा. पोरगा चांगला. रागावला की आणखी नम्र होतो, एवढाच त्याचा दोष.

"मिस्टर केर्टन, जरा येता का?"

"एमॉस म्हण. मिस्टर केर्टन माझा बाप होता, आणि त्यालाही ते आवडायचं नाही."

त्याने माझ्या कानांवर रेडिओवाल्याचे हेडफोन चढवले. आमचेच गाणे. चांगले वाटले, खोटे कशाला बोलू. मग ती शांतता आली. आणि त्या शांततेत कुणीतरी गंजके फाटक ढकलून एक दमेकरी गाय आत आणली.

"ऐकलंत?" क्रिस्पिन म्हणाला.

"ती गाय नाही. विल्फ आहे."

"विल्फ आहेत ते मला माहीत आहे हो! तोच तर प्रश्न आहे. रेडिओवाल्यानं मायक्रोफोन हलवून पाहिला, वर टांगून पाहिला. कुठंही ठेवला तरी विल्फच ऐकू येतात. एवढ्या सुंदर जागी, सगळा देश ऐकत असताना..." तो गळपट्ट्याशी चाळा करू लागला. "बाकीची गाणी त्यांनी मोकळेपणी गावीत. फक्त या एका गाण्यात त्यांनी मासा व्हावं."

मासा म्हणजे काय ते गायकवृंदातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सर्दी झाली, घसा बसला, शब्द विसरला, की तोंड उघडायचे, मिटायचे आणि आवाज काढायचा नाही. काचेच्या भांड्यातला मासा. आपखुशीने सगळेच कधी ना कधी होतात. पण दुसऱ्याने सांगितले, की तो वृंदातून निरोपच असतो.

"तू सांग त्याला."

"तुम्हीच सांगा, एमॉस. तुमचं ऐकतील."

"माझं? त्याच्या मेंढ्यांनी कधी ऐकलं नाही माझं, तो काय ऐकणार!"

पण पोराचा चेहरा असा झाला, की मी हो म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी विल्फच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरात टेलिफोनवर मोठ्याने ओरडत होता, कारण न्यूझीलंड लांब आहे. "ठणठणीत! अगं ठणठणीत आहे मी! छाती? छातीला काय धाड भरलीय? सकाळी डोंगर चढून आलो!" डोंगर सोडा, तो कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाऊन आला होता आणि त्यातही एकदा वाटेत बसला होता. फोन ठेवून त्याने मला डोळा मारला. मी चहा घेतला, कोंबड्यांची चौकशी केली आणि परत आलो.

गुरुवारी 'काळा मेंढा' पबमध्ये सांगायचे ठरवले. तिथे विल्फ आधीच बाकावर बसून सगळ्यांना त्या शांततेपर्यंतचे गाणे एकटा म्हणून दाखवत होता. लोक टाळ्या पिटत होते. मीही पिटल्या.

"सांगितलंस?" घरी आल्यावर नेलने विचारले.

"वेळ आली नाही."

"वेळ काय पत्र पाठवून येणार आहे? आणि मुळात असलं सांगायला तू गेलासच का? त्या पोराला म्हणायचं होतंस, तुझं तू निस्तर."

"तो नम्र झाला होता गं."

"मग तू उद्धट व्हायचंस!"

शुक्रवारी शेवटची तालीम. चर्चच्या फाटकाशी विल्फ भेटला. खिशातली खोकल्याच्या गोळ्यांची डबी वाजवत म्हणाला, "आज गळा असा लागलाय, एमॉस, छप्पर जाईल." आता सांगितले नाही तर कधीच नाही, हे मला दिसत होते. तोंड उघडले आणि त्यातून भलतेच बाहेर पडले.

"तेच म्हणायचं होतं. हेस्टर म्हणतेय, विल्फला म्हणावं आज गळा राखून ठेव. नव्या गाण्यात आज फक्त मासा हो. खरा आवाज रविवारी."

विल्फ फुलला. "हेस्टर म्हणाली?"

"हो."

"फक्त मलाच?"

"तुलाच."

"बाईला पारख आहे," तो म्हणाला आणि छाती काढून आत गेला. मी मनात म्हटले, आजचे तर निभावले. रविवारचे रविवारी.

आम्ही उभे राहिलो. हेस्टर नेहमीसारखी शेवटच्या बाकावर विणकाम घेऊन बसली होती. रेडिओचा माणूस हेडफोन लावून बसला होता. क्रिस्पिनने हात उचलला. थंडी, शेकोटी, कोकरू, सगळे छान झाले. माझ्या शेजारी विल्फ तोंड उघडत होता, मिटत होता, आणि आवाज होऊ नये म्हणून श्वास दाबून धरत होता. चेहरा बीटासारखा झाला होता, पण नजर अभिमानाची. आकाश उजळले. आवाज टोकाला गेले. शांतता.

क्रिस्पिनने हात खाली आणला.

कुणीच उसळले नाही.

म्हणजे ढोलवाला उसळला, एकटा. एक घंटा वाजली आणि लाजून थांबली. वरच्या आवाजातली एक पोरगी "चला" म्हणाली आणि इकडेतिकडे पाहू लागली. आम्ही सगळे तोंडे उघडी टाकून उभे, जणू सगळा वृंदच मासा झाला.

"हरकत नाही," क्रिस्पिन फार नम्रपणे म्हणाला. "माझा हात बघा. तीन मोजतो, आणि आपण आत येतो. पुन्हा."

पुन्हा तेच. या वेळी निम्मे आधी आले, निम्मे मागून, आणि मेंढपाळ डोंगरावरून खाली यायच्याऐवजी गडगडत आले. तिसऱ्यांदा तर ऑर्गनवालाही चुकला, आणि तो कधी चुकत नाही कारण तो कुणाकडे बघतच नाही. क्रिस्पिन हात मोठे करत गेला, शेवटी गळपट्टा सुटून पडला. "पण मंगळवारी जमलं होतं! तीन आठवडे जमतंय! आज झालंय काय तुम्हाला?"

नेल समोरून आमच्या बाकाकडे बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, विल्फनं श्वास घेतला नाही!"

"काय?"

"त्याच्या श्वासावरच तर येतो आपण सगळे. तो असा घुर्रर्र झाला, की पुढच्या क्षणाला आम्ही. हाताकडे कोण बघतंय?"

सगळ्या बाकांवर कुजबुज झाली. खरेच होते. कुणी कधी ठरवले नव्हते, कुणी कुणाला सांगितले नव्हते. क्रिस्पिनच्या आधीच्या गायनमास्तरला दिसत कमी असे, तो हात कुठेही हलवायचा. तेव्हापासून आम्ही विल्फच्या छातीवर आत येत होतो.

"मी घेणार कसा?" विल्फ म्हणाला. "हेस्टरनंच सांगितलं ना, आज मासा हो म्हणून."

मागून हेस्टरच्या सुया थांबल्या. "मी? मी कधी सांगितलं?"

"एमॉसजवळ."

चर्चमध्ये एवढे लोक असतील आणि सगळे आपल्याकडे बघतील, तेव्हा छताच्या तुळया किती सुंदर आहेत ते कळते. मी त्या बघत राहिलो. क्रिस्पिन खरा माणूस, त्याने मला एकट्याला उभे ठेवले नाही. पुढे येऊन म्हणाला, "एमॉसना मीच सांगायला लावलं होतं. आजपुरतं नाही. रविवारीसुद्धा. मायक्रोफोनमध्ये तुमचा श्वास ऐकू येतो, मिस्टर हार्कर. फार मोठा ऐकू येतो. मला माफ करा."

विल्फने खिशातून गोळ्यांची डबी काढली. मग त्याने विचारले, आणि ते मला विचारले, "ऐकू येतो?"

"थोडा," मी म्हणालो.

"किती थोडा?"

नेल म्हणाली, "विल्फ, आम्हाला आवडतो तो."

"म्हणजे ऐकू येतो." त्याने गोळ्यांची डबी खिशात टाकली, टोपी घातली, चर्चमध्येच घातली, आणि बाकांच्या मधून चालत निघून गेला. दार त्याने आपटले नाही. आपटले असते तर बरे वाटले असते.

हेस्टर विणकाम पिशवीत टाकून पुढे आली. ती बुटकी आहे, पण चिडली की उंच दिसते. "क्रिस्पिन, बाळा, तू तिथं तीन मोजतोस?"

"हो. म्हणजे... साधारण तेवढंच वाटलं."

"मी तिथं तीन लिहिलेत?"

"नाही. नुसता विराम आहे. हवा तेवढा."

"हवा तेवढा, बरोबर. मेंढपाळानं आकाशात उजेड बघितला. त्याची बोबडी वळलीय. पुढं बोलण्याआधी तो काय करेल?"

क्रिस्पिनने डोळे मिटले. "श्वास घेईल."

"मेंढपाळाचा श्वास हवा होता मला. दर रविवारी मी मागं बसून तो ऐकते. ते गाणं मी त्या श्वासापासून सुरू केलं, अलीकडचं पलीकडचं सगळं नंतर आलं. तुम्ही गाण्याचा पायाच काढून घेतलात आणि आता विचारताय, भिंत का पडली!"

"मला सांगायचं होतं ना कुणीतरी," क्रिस्पिन पुटपुटला.

"मला वाटलं, कान आहेत तुला," हेस्टर म्हणाली. मग तिलाच त्याची दया आली. तिने खाली पडलेला गळपट्टा उचलून त्याच्या गळ्यात घातला. "जा. घेऊन ये त्याला."

शनिवारी मी आणि क्रिस्पिन विल्फकडे गेलो. तो गोठ्यात होता. कळप विकला तरी चार म्हाताऱ्या मेंढ्या त्याने ठेवल्या आहेत. त्यांना विकत कोण घेणार, असे म्हणतो. क्रिस्पिनचे शहरी बूट दारातच रुतले.

"माफी मागायला आलो," तो म्हणाला.

"आलायस तर गवत टाक," विल्फ म्हणाला आणि त्याच्या हातात काटा दिला.

पोराने काटा खुपसून भारा उचलला. धुळीचा लोट उठला आणि सरळ त्याच्या नाकातोंडात गेला. तो खोकला, वाकला, पुन्हा खोकला, आणि मग जो श्वास त्याने आत ओढला, तो पार शिट्टी वाजवत गेला.

विल्फने मान डोलावली. "हां. सूर बरा लागला."

मी हसलो. क्रिस्पिन डोळ्यांतले पाणी पुसत हसला. विल्फ मात्र हसला नाही. गवताच्या भाऱ्यावर बसत म्हणाला, "रुसून बसलोय असं वाटतंय ना तुम्हाला? तसं नाही. हेस्टरला हवा असेल माझा श्वास, तिची मेहरबानी. पण थेल्माला सांगितलंय, मी ठणठणीत आहे. दर आठवड्याला सांगतो. उद्या तिला रेडिओवर काय ऐकू येणार? बापाचं गाणं की बापाची धाप? गाई सोडून, नवरा सोडून ती तिथं काळजी करत बसणार. आणि गायलो नाही, तर म्हणेल बाप कुठं गेला. धड इकडं नाही, धड तिकडं नाही."

यावर क्रिस्पिन एवढेच म्हणाला, "मायक्रोफोन लांब ठेवायला सांगू?"

"लांब ठेवला तर गाणंही लांब जाईल."

"मग काय करू या?"

"तू गवत टाक," विल्फ म्हणाला. "मी बघतो."

रविवारी चर्च भरले होते, माणसे खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती. पांढरे झगे घालून, मेणबत्त्या घेऊन आम्ही आत आलो. माझ्या शेजारची जागा रिकामी. पहिले गाणे झाले, दुसरे झाले. नेल समोरून भुवया उडवून विचारत होती, मी खांदे उडवून सांगत होतो. हेस्टर आज पहिल्या बाकावर, विणकामाशिवाय, हात कुठे ठेवावेत ते न कळून बसली होती. बायबलमधला मेंढपाळांचा उतारा वाचायला कुणी उभे राहिले. यानंतर आमचे गाणे. क्रिस्पिनचा चेहरा मेणबत्तीपेक्षा पांढरा.

तेवढ्यात बाजूचे छोटे दार करकरले. मला वाटले दारच. विल्फ होता. झगा उलटा घातलेला, खाली गोठ्यातले बूट. बाकामागून सरकत, दोघांचे पाय तुडवत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मासा कुणाला पाहिजे होता?" तो कानात म्हणाला.

"काय ठरवलंस?"

"मेंढ्यांना गाऊन दाखवलं सकाळी. मोठ्यानं. एकीनंही मान वर केली नाही." त्याने डबीतली गोळी तोंडात टाकली. "म्हटलं, सवय आहे त्यांना. थेल्मा याच घरात वाढलीय."

क्रिस्पिनने हात उचलला. थंडी, शेकोटी, चुकलेले कोकरू. विल्फचा आवाज माझ्या बरगड्यांत वाजत होता. खोटे नाही सांगत, छप्पर गेले नाही, पण हलले असेल. आकाश उजळले. आवाज चढले, टोकाला गेले, थांबले.

क्रिस्पिनने हात वर धरला होता. तो काही मोजत नव्हता. तो विल्फकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो, निदान कानांनी. आणि विल्फने घाई केली नाही. तो वर बघत होता, जिथे छतापाशी धूळ मेणबत्त्यांच्या उजेडात तरंगत होती, डोंगरावर माणूस बघतो तसा. शांतता लांबली. खिडकीच्या कट्ट्यावरचे एक मूल गप्प झाले. रेडिओवाल्याने हेडफोनवर हात दाबले, त्याला वाटले असावे आपली तार तुटली.

मग ते फाटक उघडले. गंजके, जड, पार तळापासून. आणि आम्ही सगळे त्यातून एकदम बाहेर पडलो. "चला, खाली चला!" ढोल, घंटा, ऑर्गन, वरच्या आवाजातल्या पोरी, मी. एकही माणूस मागे राहिला नाही. हेस्टर पहिल्या बाकावर बसून दोन्ही हातांनी स्वतःच्या गुडघ्यांवर ताल धरत होती. तिला शेवटी हातांचा उपयोग सापडला.

थेल्माचा फोन संध्याकाळी आला. आम्ही विल्फच्या स्वयंपाकघरातच होतो. तो उठला, टोपी काढली, घातली, फोन कानाला लावला आणि लगेच ओरडला, "ठणठणीत आहे मी!"

थेल्मा बापापेक्षा मोठ्याने बोलते. सगळे आम्हाला ऐकू येत होते.

"बाबा, थापा मारू नका! तुमचा श्वास ऐकला मी. गाईंनीसुद्धा ऐकला."

विल्फ मटकन बसला. "तो होय... ते ऑर्गनचं काहीतरी..."

"ऑर्गनचं? लहानपणी शाळेतून डोंगर उतरताना तो श्वास मागून आला, की कळायचं, बाबा येतायत. आणि दर आठवड्याला फोनवर 'ठणठणीत' म्हणायच्या आधी तुम्ही तोच श्वास घेता! मला काय कळत नाही? मी डॉक्टरशी बोलते कधीची. त्यांनी दिलेल्या गोळ्या घेताय का? की कोंबड्यांना घालताय?"

विल्फने आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीतून खुराड्याकडे पाहिले.

"घेतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, हळू आवाजात, जणू न्यूझीलंड आता जवळ आले होते, म्हणाला, "गाणं कसं झालं?"

"मी बादली सांडली, बाबा."

फोन ठेवल्यावर त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बादली सांडली म्हणते. भरलेली होती का रिकामी ते विचारायचं राहिलं."

आता ते गाणे सगळीकडे गातात. पुढच्या नाताळात एका मोठ्या कॅथीड्रलमधून रेडिओवर ऐकवणार होते, तेव्हा विल्फ आमच्याकडे आला. नेलने मनुका भरलेल्या पेस्ट्र्या केल्या होत्या. क्रिस्पिन होता, हेस्टर होती, मांजर पिशवीत घालून आणले होते कारण ते घरी एकटे राहत नाही. विल्फ आता गोळ्या घेतो. गवत भिजवून मगच टाकतो, तसे थेल्माने सांगितले आहे. श्वास थोडा हलका झाला आहे, पण फाटक आहे ते आहेच.

कॅथीड्रलवाले छान गायले. फार स्वच्छ. आमच्यापेक्षा चांगले, असे मी म्हणालो असतो, पण नेल ऐकत होती. कोकरू चुकले, आकाश उजळले, आवाज टोकाला गेले आणि थांबले. धुतलेल्या काचेसारखी शांतता. कुठे काही हलेना.

क्रिस्पिनचा हात आपोआप वर गेला. हेस्टरने कप खाली ठेवला.

आणि खुर्चीत मागे रेललेल्या विल्फने, डोळे मिटलेले असताना, पेस्ट्री हातात तशीच, खोल श्वास आत ओढला.

रेडिओवरचे सगळे एकदम उसळले. "चला, खाली चला!"

विल्फने एक डोळा उघडला. "बघ," तो मला म्हणाला. "लांब आहेत, पण त्यांनाही ऐकू येतो."